ढोकेबाई आणि छान म्हणणारी माणसं

ढोकेबाईंच्या शोकसभेत एका गृहस्थानं माईकवर येऊन त्यांना ‘मृदुभाषी’ म्हटलं आणि मी खुर्चीवरून उठले. शेजारच्या बाईला वाटलं, मला गलबलून आलं. तिनं पाण्याची बाटली पुढे केली. मला पाणी नको होतं, मला तो माईक पाहिजे होता. मृदुभाषी! विमल ढोके! ज्या बाईनं माझी एक कथा ऐकून ‘हे हळदीकुंकू हाय, कथा कुठं हाय?’ असं तोंडावर विचारलं, ती मृदुभाषी? हा गृहस्थ आयुष्यात एकदा जरी स्वतःचं पान घेऊन त्यांच्यासमोर बसला असता, तर त्या शब्दाला हात लावायची त्याची छाती झाली नसती.

मग रांगच लागली. एकानं ‘मायेचा झरा’ म्हटलं. एकीनं ‘शारदेची निस्सीम उपासक’ म्हटलं आणि डोळे पुसले. तिनं बाईंचं एक वाक्य वाचलेलं नाही हे मला पक्कं माहीत आहे. शेवटी देवतळे सर उठले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, “विमलताईंचं पुस्तक त्यांच्या डोळ्यांदेखत निघालं असतं. सगळी तयारी झाली होती. दुर्दैवानं, काही जणांच्या हट्टापायी ते राहून गेलं.”

काही जण म्हणजे मी. एकटी मी. अख्ख्या हॉलनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बाईंचा मुलगा पहिल्या रांगेत बसला होता, म्हणून मी गुमान खाली बसले. नाहीतर त्या दिवशी तिथं आणखी एक शोकसभा घ्यावी लागली असती. तेव्हा जे बोलता आलं नाही ते आता लिहिते आहे. राग आलेला आहे आणि तो जाईल असं वाटत नाही.

आमचं लकडगंजात मेडिकल आहे. सासर नरखेड तालुक्यातलं, घरची संत्र्याची बाग. पण नवरा औषधांचं शिकला आणि आम्ही नागपूरला आलो. मी दुपारी काउंटरवर बसायची आणि गिऱ्हाईक नसलं की बिलांच्या मागच्या कोऱ्या बाजूला कथा लिहायची. लिहिता लिहिता कळलं की आपल्याला माणसं पाहिजेत. लिहिणारी, वाचणारी, कुठं चुकलं ते सांगणारी. घरात कोणाला सांगणार? नवऱ्याला वाचायला दिलं की तो शेवटचं पान पाहून म्हणायचा, “झालं का लिहून? मस्त.”

तर मी शोधायला निघाले. नागपुरात साहित्यिक मंडळांना तोटा नाही. एक सोडून दुसऱ्यात गेले, दुसऱ्यातून तिसऱ्यात. सगळीकडे एकच कारभार. तुम्ही वाचायचं, ते ‘छान’ म्हणणार; मग ते वाचणार, तुम्ही ‘छान’ म्हणायचं; मग चिवडा. बायकांची भिशी असते तशी ही कौतुकाची भिशी. या महिन्यात तुझ्या नावाची चिठ्ठी, पुढच्या महिन्यात माझ्या. मी पण उचलली, खोटं कशाला बोलू? गोड लागत होती. पण घरी येऊन कथा परत वाचली की जशीच्या तशी ढिली. एवढ्या लोकांचं ‘छान’ तिच्यावरून वाहून गेलं तरी एक ओळ सरळ झालेली नसायची.

अशाच एका कार्यक्रमात मी कथा वाचली. टाळ्या झाल्या. नंतर तर्री-पोह्यांच्या टेबलापाशी एक बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. ठेंगण्या, सावळ्या, केस घट्ट बांधलेले, खांद्याला कापडी पिशवी आणि हातात भरलेली प्लेट. नमस्कार नाही, नाव नाही.

“तुमच्या कथेतली सासू काहून मेली?”

“हार्ट अटॅकनं,” मी म्हणाले.

“ते ऐकलं मी. मी विचारून राहिली, तुमी तिले काहून मारली?”

“कथेची गरज होती.”

“कथेची नाही, तुमची होती. पुढं तिचं काय करावं ते तुमाले सुचलं नाही. घरातली सासू मारता येत नाही, म्हनून कागदावर मारली. तुमाले बरं वाटलं असन. आमाले काय भेटलं?”

एवढं बोलून त्यांनी पोह्यांवर आणखी तर्री मागून घेतली आणि निघून गेल्या. माझ्या अंगाची लाही लाही झाली. घरी येऊन नवऱ्याला सगळं तावातावानं सांगितलं, तर तो हसला आणि म्हणाला, “बाई बराबर बोलली.” त्याच्याशी मी दोन दिवस बोलले नाही. मग कथा काढून वाचली. सासू मरते त्याच्या आदल्या पानावर ती सुनेला काहीतरी विचारायला येते आणि दारातच थांबते. तिथं कथा सुरू होणार होती. मी तिथंच तिचा गळा दाबला होता. मग मी त्या बाईचा पत्ता हुडकला.

ढोकेबाई वीज कंपनीत होत्या. बिलाच्या तक्रारी जिथं घेतात त्या खिडकीवर त्यांची उभी नोकरी गेली. मीटर पळते, बिल जास्त आलं, लाइन कापली, शेजाऱ्यानं तार टाकली. दिवसभर माणसं ओरडत येणार आणि ह्या ऐकणार. निवृत्त झाल्या तोवर नवरा गेला होता, मुलगा नोकरीपायी पुण्याला. नागपुरातल्याच नंदनवन भागात दोन खोल्यांचं घर, वाचायचा नाद आणि खिडकीवरचा कान. कथा ऐकली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: “हिची तक्रार काय हाय?” पात्र कोणतंही असो, राजा असो की मोलकरीण, “तक्रार असल्याशिवाय मानूस खिडकीवर येत नाही बापा, तर कथेत कायले येईन?”

आमचा गट जमला तो असा. आमच्या मेडिकलची मागची खोली, रविवारची दुपार, शटर अर्धं खाली, भोवती खोकल्याच्या औषधांची खोकी. बाई, मी, किशोर मेश्राम म्हणून एक प्राथमिक शाळेतले गुरुजी, जे कविता लिहायचे, आणि देवतळे सर. सर म्हणजे निवृत्त प्राध्यापक, मराठीचे. ते कसे आले देव जाणे. पण आले आणि राहिले, हे त्यांच्या बाजूनं सांगायला पाहिजे.

पद्धत बाईंची. लिहिणाऱ्यानं स्वतःचं वाचायचं नाही. “आपलं आपन वाचलं का आवाजानं खड्डे बुजवते मानूस,” त्या म्हणायच्या. “दुसऱ्याले वाचू द्या. गाडी कुठं उसळते ते तेव्हाच समजते.” आणि लिहिणाऱ्याच्या तोंडात खोकल्याची गोळी. ती चघळायची, चावायची नाही. सगळ्यांचं बोलून होईस्तोवर लिहिणारा गप्प. “मला असं म्हणायचं होतं” हे वाक्य आमच्याकडे बंद. म्हणायचं होतं तर कागदावर म्हणायचं होतं ना! माझ्या दुकानातल्या गोळ्यांचा जितका खप माझ्या मागच्या खोलीत झाला तितका पुढे काउंटरवर थंडीत होत नसे.

ऐकताना बाई डोळे मिटून बसत. कंटाळा आला की डाव्या कानाची पाळी ओढायला लागत. आवडलं तर बोट वर करत, “थांब. परत वाच.” बस, तेवढंच. त्यांच्या तोंडून ‘छान’ मी ऐकला नाही. पण ते बोट वर जावं म्हणून मी एकेक परिच्छेद सात-आठदा लिहिलेला आहे.

देवतळे सरांची एक गोष्ट सांगतेच, कारण शोकसभेत ती कोणी सांगितली नाही. सरांनी एका जुन्या मोलकरणीवर कथा लिहिली होती. ती मालकाच्या घरी जन्मभर राबते आणि शेवटी मालकाच्या पायाशी समाधानानं डोळे मिटते. किशोरनं वाचली. वाचून झाली आणि बाईंचा हात कानावरच राहिला.

“सर, हिची तक्रारच नाही?”

सरांनी गोळी गालात सरकवली. “ती तृप्त आहे. तेच तर—”

“गोळी तोंडात, सर. बोलायचं नाही. एवढी भांडी घासली, एवढी पोरं खेळवली आन् हिले एक दिवस कंबर दुखली नाही? मालकिनीनं शिळं दिलं नाही? ही बाई हाय का भिंतीवरचा फोटो? ही तृप्त नाही, सर. मालक तृप्त हाय. तुमी मालकाच्या खुर्चीत बसून लिहिली.”

सर लाल झाले. गोळी काढून रुमालात गुंडाळली, “इथे साहित्याची जाण कोणाला आहे?” म्हणाले आणि अर्ध्या शटरखालून वाकून निघून गेले. वाकताना त्यांचं डोकं आपटलं आणि मला हसू आवरेना. बाईंनी मला रागावलं. “हसू नको वं. दुखलं हाय त्याले. दुखलं म्हनजे पोचलं.” बरेच रविवार सर आले नाहीत. मग एक दिवस आले, मुकाट्यानं कागद किशोरच्या हातात दिले, गोळी मागून घेतली. तीच मोलकरीण होती, पण आता ती मालकाच्या पायाशी मरत नव्हती. ती मालकाच्या दारात उभी राहून आपला जुना पलंग परत मागत होती. बाईंचं बोट तीनदा वर गेलं. सरांनी जन्मात लिहिलेली एकमेव जिवंत कथा ती आहे, आणि ती कोणामुळे झाली हे या माणसानं एका अक्षरानं कुठं म्हटलेलं नाही.

लोकांना वाटतं, असं बोलणारं माणूस कोरडं असतं. अहो, कोरडी माणसं ‘छान’ म्हणून मोकळी होतात! त्यांना घरी जायचं असतं. बाईंनी माझी एक कथा इतक्या वेळा वाचली की तिच्यातल्या माणसांची नावं मी विसरायची, त्या नाही. फोन यायचा, “पान आलं नाही.” मी रडगाणं सांगायची: पाहुणे आहेत, मुलाची परीक्षा आहे, काउंटरवर कोणी नाही. एकदा असंच सांगितलं तर दुपारी बाई दुकानात हजर. पांढरी ओढणी डोक्या-तोंडाला गुंडाळलेली, उन्हातून स्कूटरवर. ओढणी सोडली आणि मला म्हणाल्या, “जा मांगच्या खोलीत. लिही. मी बसतो इथं.”

“बाई, तुम्हाला औषधं देता यायची नाहीत.”

“देतच नाही ना! थांबवतो.”

आणि खरंच थांबवलं हो गिऱ्हाईक! मी आतून ऐकते आहे. एक काका कावले, “अवो, बीपीची गोळी पाहिजे मले.” ह्या म्हणतात, “बसा भाऊ. बीपी कुठं पळून नाही जात. आत बाई लिहून राहिली.” “काय लिहून राहिली?” “कथा.” “कायची कथा?” मग बाईंनी त्या काकांना माझी कथाच सांगायला घेतली. नवरा आला तेव्हा बाकावर चार माणसं बसलेली, बीपी वाढलेलं आणि एकजण म्हणतो आहे, “मंग त्या सुनेनं काय केलं?” नवरा त्या दिवशी जाम भडकला. पण माझं पान झालं होतं. अशी माणसं मला दुसरीकडे कुठंच भेटली नाहीत आणि म्हणूनच मला चीड येते, की त्या बाईच्या वेळेला आम्ही काय दिलं?

कारण बाईही लिहीत होत्या. आम्हाला कोणालाच पत्ता नव्हता. पोटाचा आजार निघाला, उपचार सुरू झाले, ओढणीखालचे केस गेले. आणि एका रविवारी पिशवीतून जाडजूड गठ्ठा काढून त्यांनी खोक्यावर ठेवला. कादंबरी. तक्रारीच्या खिडकीवर बसणाऱ्या एका बाईची. “आता माझा नंबर,” त्या म्हणाल्या. “गोळी दे वं वर्षा.” गठ्ठ्याच्या कडा त्या पुन्हा पुन्हा सरळ करत होत्या. मी ओळखते ना ते, मीच काय कमी वेळा केलं आहे?

नेमकी तेव्हा मी गावी अडकले. सासरे बागेत पडले, पाय मोडला, संत्र्याची तोडणी तोंडावर, माल नागपूरच्या कळमना बाजारात पोचवायचा. काही रविवार मी नव्हतीच. बागेतून किशोरला फोन केला.

“कशी चालली कादंबरी?”

“छान म्हटलं आम्ही.”

“म्हटलं ते सोड. आहे का छान?”

किशोरनं आवाज खाली आणला. मग म्हणाला, “सुरुवात एक नंबर हाय, ताई. मधात सगळी लंगडते. पन त्यांची तब्येत पाहिली का तुमी? कसं सांगू? सर पण म्हणाले, आता काय सांगायचं. सरांनी प्रकाशक पाहिला, शाल-श्रीफळ, कार्यक्रम सगळं ठरवून राहिले ते. बाईंच्या डोळ्यासमोर पुस्तक झालं पाहिजे म्हणते.”

संत्र्याच्या झाडाखाली उभी राहून मी इतक्या जोरात ओरडले की तोडणीच्या बाया वळून पाहायला लागल्या. ज्या बाईनं तुम्हाला लिहायला शिकवलं, तिलाच भिशीची चिठ्ठी दिली? तिच्याजवळ वेळ नाही म्हणून खोटं सांगता? अरे, वेळ नाही म्हणूनच खरं सांगायला पाहिजे! वेळ असलेल्या माणसाला एक रविवार फुकट गेला तरी चालते. तिचे किती रविवार तुम्ही खाल्ले, माहीत आहे? किशोर तिकडून नुसता “ताई, ताई” करत होता. वाईट माणूस नाही तो. म्हणूनच जास्त राग येतो. वाईट माणसाला सरळ शिवी तरी देता येते.

नागपूरला आल्याबरोबर मी नंदनवनात गेले. बाई खाटेवर बसलेल्या, गठ्ठा मांडीवर.

“वर्षा, ते दोघं खोटं बोलून राहिले.”

“कशावरून?”

“सर घड्याळ पाहत नाही. कोनाचंही वाचन असो, सर घड्याळ पाहते. माझ्या वाचनाले एकदाबी पाहिलं नाही. असं असते काय कुठं? आन् किशोर जिथं अडखळते तिथून पळते. पाहुना आल्यावर आपन फाटकी चादर पायानं ढकलतो ना खाटेखाली, तसा. मी गोळी चघळत बसली. गोळी सरली. कोनी काही बोललंच नाही. छान म्हने.” त्यांनी तो शब्द असा उच्चारला की मला माझ्याच कानांची लाज वाटली. “मी मेली नाही अजून आन् हे माझ्यासमोर श्रद्धांजली वाचून राहिले. तू वाच. तू सांग.”

मी गठ्ठा घरी नेला, वाचला. किशोर बरोबर होता. सुरुवातीला वस्तीतली एक पोरगी पहिल्यांदा त्या खिडकीवर बसते. घरी बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावून निघते, दिवसभर शिव्या खाते, संध्याकाळी बापाला सांगते, “साहेब म्हणून हाक मारली एकानं.” ती पानं वाचताना मी उठून उभी राहिले होते. पण पुढे ती बाई मोठी होते आणि तिचं काहीच चुकत नाही. साहेब चुकतात, लोक चुकतात, सहकारी पैसे खातात. ही एकटी सगळ्यांना न्याय देते. पानांमागून पानं न्याय. जगाला तक्रार विचारणाऱ्या बाईनं स्वतःच्या नायिकेला मात्र देव्हाऱ्यात नेऊन बसवलं होतं.

मी गेले. बाईंनी स्वतःच्या हातानं गोळी तोंडात टाकली आणि डोळे मिटले. मी सांगितलं. सगळं सांगितलं. म्हणाले, “बाई, मधात ही फोटो होते. ही कधी चिडत नाही, कोणाला टाळत नाही, जेवणाच्या सुट्टीत खिडकी लावून घेत नाही. तुम्ही सरांना जे सांगितलं तेच तुमचं झालं आहे. तिनं कोणाचं तरी वाईट केलं असेल ना? ते कुठं आहे?”

त्यांनी गोळी हातावर थुंकली. मी पहिल्यांदा त्यांना नियम मोडताना पाहिलं.

“तुले काय माहीत वं खिडकीवर काय असते? औषधाच्या दुकानात पंख्याखाली बसतं तू! आमच्यासारख्या बाईनं त्या खुर्चीवर चुकून चालते काय? एक चूक केली असती तर म्हनले असते, यांना कायले बसवलं इथं. मले चुकायची सोय नव्हती. निघ. निघ तू इथून.”

मी निघाले. जिन्यात रडले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, ते मला झोंबलं. आणि माझंही खोटं नव्हतं. दोन्ही एकदम खरं असलं की माणसानं काय करावं, हे मला आजही कळलेलं नाही.

पुढचे कितीतरी दिवस फोन नाही. मग एके सकाळी बाईंचा मुलगा थेट दुकानात. पुण्याहून आला होता. गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, “आईनं पुस्तक थांबवलं. प्रकाशकाला स्वतः फोन केला. डॉक्टर म्हणतात तिला खूश ठेवा, आणि तुम्ही तिला रडवून आलात. तिच्या हातात पुस्तक आलं असतं हो! एवढंच राहिलं होतं.” आई जाते आहे त्याची. मी एवढंच म्हटलं, “तुझ्या आईनं थांबवलं. तिला कोणी थांबवू शकते, असं वाटते का तुला?” तो गेला, परत माझ्याशी बोलला नाही. देवतळे सरांनी फोन करून मला माणुसकीवर व्याख्यान दिलं. मी मध्येच फोन ठेवला. माणुसकी म्हणे! तुमच्या माणुसकीत एक शाल होती, एक हार होता आणि अध्यक्ष म्हणून तुम्ही स्वतः होता, सर.

संध्याकाळी बाईंचा फोन आला. नेहमीसारखा, नमस्कार नाही काही नाही.

“एक म्हातारा यायचा. धोतराचा सोगा धरून लायनीत उभा राहे. त्याचं बिल कोनाच्या तरी दुसऱ्याच मीटरचं येऊन राहिलं होतं. मले माहीत होतं का त्याचं बरोबर हाय. पन कागद वर न्यावा लागत होता आन् वरचा साहेब मले घालूनपाडून बोले. म्हनून मी त्याले फिरवलं. एक दिवस तो जास्त बोलला, तर मी त्याची नक्कल केली. अख्खी लाइन हसवली त्याच्यावर. त्यानं बिलाची घडी केली, टोपीत ठेवली आन् गेला. परत आला नाही.” मागं कागद उलटल्याचा आवाज आला. “ते लिहून राहिली.”

त्यांनी ते दवाखान्यात लिहिलं. सलाईन लावलेल्या हातानं नाही जमलं, तर दुसऱ्या हातानं, वाकडंतिकडं. दुपारच्या भेटीच्या वेळेत मी गेले, तेव्हा त्या अगदी लहान झाल्या होत्या, पांघरुणाखाली कोणी आहे की नाही असं वाटावं इतक्या. बोलायला त्रास होत होता. त्यांनी उशीजवळचे कागद माझ्याकडे सरकवले आणि डोळे मिटले. मी वाचायला घेतलं.

तो म्हातारा, ती लाइन, उन्हाची तिरीप, नक्कल करताना तिला स्वतःलाच आलेलं हसू, आणि हसू येत असतानाच तिला दिसलेली ती बिलाची घडी. मला कुठं अडखळायला झालं नाही. कुठंही. बाजूच्या खाटेवरची बाई आणि तिची सून बोलायच्या थांबल्या होत्या. मी शेवटच्या ओळीशी आले आणि मला खरोखर काही सुचेना. इतकी वर्षं बाईंनी मला चुका हुडकायला शिकवलं होतं आणि त्या पानांत हुडकायला काही नव्हतं. मी परत वरून नजर फिरवली. नव्हतं.

“सांग,” बाई म्हणाल्या.

“बाई, हे... छान झालं आहे.”

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, सावकाश, तोंडापासून हातातल्या कागदांपर्यंत. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, “तू बी चालू झाली का वं?”

“नाही बाई. खरंच. शपथ घेते.”

“शपथ कायले घेतं? खिडकीवर खोटं बोलनारेच घेत होते.”

मला त्या क्षणी देवतळे सरांचा, किशोरचा, त्या सगळ्या हॉलांचा, सगळ्या टाळ्यांचा असा संताप आला की कागद हातात चुरगळायला लागले. एक खरा शब्द त्या बाईला द्यायची वेळ माझ्यावर आली होती आणि तो या लोकांनी आधीच वापरून, मळवून, बोथट करून ठेवला होता. दुसरा शब्द माझ्याजवळ नव्हता.

“थकली मी,” बाई म्हणाल्या आणि भिंतीकडे कूस वळवली. मी त्यांच्या पाठीला सांगत राहिले. बिलाची घडी कशी दिसली ते सांगितलं, नक्कल वाचताना मलाही कसं हसू आलं आणि मग कशी लाज वाटली ते सांगितलं, एकेक ओळ घेऊन सांगितलं. त्या जाग्या होत्या की नाही, मला माहीत नाही. नर्सनं वेळ संपली म्हणून खांद्यावर हात ठेवला तेव्हाही मी सांगतच होते.